हद्दीबाहेरची मुले

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरचा, गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका. भाताची कापणी उरकली की येथील अनेक कुटुंबे लेकराबाळांसह दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीला जातात. वाटेत नाशिकच्या बसस्थानकावर त्यांच्यापैकी एखाद्याचे मूल दिसेनासे झाले, तर गावचे ठाणे ग्रामीण अधीक्षकांच्या अखत्यारीत आणि बसस्थानक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत, अशा पेचात तो बाप सापडतो.

हा पेच किती घातक ठरू शकतो, हे अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या खटल्याने दाखविले. 1990 ते 1996 या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांतून 13 बालके पळविल्याचा, चोरी करताना त्यांना ढालीसारखे वापरल्याचा आणि नकोशी झालेल्यांपैकी अनेकांना ठार केल्याचा आरोप या तिघींवर होता. एकेका ठाण्याच्या दप्तरात ते एकेक हरवलेले मूल होते; ही सगळी कागदपत्रे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्यांतील मालिका दिसणे शक्यच नव्हते, आणि तसे वाचणे हे कोणत्याही एका अंमलदाराचे काम नव्हते. शिवाय पळविलेली मुले बहुतांशी दरिद्री घरांतली. त्यांच्या आईबापांसाठी वरून कोण तगादा लावणार?

अखेर 1996 साली नाशिकमध्ये त्या सापडल्या त्या कौटुंबिक वैरामुळे. अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीची मुलगी नाहीशी झाली आणि त्याच्या दुसऱ्या पत्नीने नाव घेऊन संशय व्यक्त केला. तपासाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ते धागा हाती आल्यानंतरचे आहे. पुढे रेणुकाचा पती किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला, अंजनाबाई खटल्यापूर्वीच कोठडीत मरण पावली, आणि दोघी बहिणींची फाशी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबापायी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. आरोपांतील सर्व हत्या मात्र सिद्ध होऊ शकल्या नाहीत.

नोएडातील निठारीत मुले बेपत्ता झाल्याच्या गरीब पालकांच्या तक्रारींची अशीच हेळसांड झाली. तिथे तर 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढून त्या मुलांच्या हत्यांतील आरोपींना निर्दोष सोडले.

अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याची खबर अपहरणाचा गुन्हा मानूनच नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही, गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर नोंदविणे बंधनकारक केले आहे; म्हणजे पेठच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करून कागद नाशिक शहराकडे वर्ग करावयाचे आहेत, फिर्यादीला नव्हे.