द्राक्षमळ्यातील आस्वादकक्ष : लाल वाइनची ओळख

नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या परिसरात आणि उत्तरेस दिंडोरी तालुक्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षबागा पसरलेल्या दिसतात. यांतील काही बागांमधील द्राक्षे बाजारात जात नाहीत, त्यांचा बेदाणाही होत नाही. बागेला लागूनच असलेल्या कारखान्यात त्यांचा रस आंबवून वाइन तयार करण्यात येते, आणि कारखान्याच्या एका दालनात येणाऱ्याजाणाऱ्याला ती चाखून पाहता येते. या दालनास इंग्रजीत टेस्टिंग रूम म्हणतात. मराठीत त्यास आस्वादकक्ष म्हणावयास हरकत नाही. नाशिकजवळ सुला या कंपनीने २००५ साली असा कक्ष सुरू केला. त्यानंतर गंगापूर, दिंडोरी, इगतपुरी या भागांत तसेच सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूसही अशी सोय झाली. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याकडील मंडळी तेथे मोठ्या संख्येने येतात.

द्राक्षापासून मद्य करण्याची कला या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून बनणाऱ्या मधु नावाच्या पेयाचा उल्लेख आहे, आणि वैद्याच्या दुकानातील द्राक्षासव तर सर्वांच्याच परिचयाचे आहे. तथापि युरोपीय जातींची द्राक्षे लावून, त्या पद्धतीने वाइन करण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात रुजला तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. प्रथम पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या परिसरात आणि पुढे नाशिक जिल्ह्यात. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून या उद्योगास उत्पादनशुल्कात सवलत दिली. निफाड तालुक्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानेही उभारण्यात आली.

आस्वादकक्षात लाल वाइनचे तीन-चार प्याले ओळीने मांडलेले असले म्हणजे नवख्या माणसास ते सारे सारखेच वाटतात. ते सारखे का नाहीत हे समजण्यासाठी बागेपासून सुरुवात करावी लागते.

नाशिकचा द्राक्षबागायतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात काढली जातात. आपल्याकडे वेलीला अशी झोप नसल्याने कात्रीने तिचे वेळापत्रक ठरवावे लागते. फळ छाटणीमुळे द्राक्षे थंडीत पक्व होतात आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणीस येतात. दिवसा ऊन व रात्री गारवा मिळाल्याने मण्यात साखर भरते, परंतु आंबटपणा पूर्णपणे नाहीसा होत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवरील नाशिकचे पठार या पिकास मानवले त्याचे एक कारण हे आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, सालीने जाड आणि बियांचा असतो. तो तोंडात टाकणाऱ्यास थॉमसन सीडलेसची गोडी त्यात सापडत नाही.

लाल वाइनचा सारा भेद या जाड सालीत आहे. काळ्या द्राक्षाचा गर व रस बहुधा पांढरटच असतो. रंग सालीत असतो. पांढरी वाइन करताना रस लगेच वेगळा काढून थंड तापमानात आंबवितात. लाल वाइनसाठी मात्र फोडलेली द्राक्षे साल व बियांसह पोलादी टाकीत घालतात. किण्व रसातील साखर खाऊ लागते, त्यातून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर तरंगू लागतो. हा थर कोरडा पडू न देता खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडावा लागतो. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या कामातूनच रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. पुढे साली दाबून काढतात, वाइन निवळू देतात आणि निवडक वाइन ओकच्या लाकडी पिपांत काही महिने ठेवतात. ही पिपे बहुधा २२५ लिटरची असून फ्रान्स किंवा अमेरिकेतून आणलेली असतात. लाकडामुळे वाइनला व्हॅनिला, धूर, लवंग यांची आठवण करून देणारा वास येतो. पीप महाग आणि वेळही महाग. म्हणून पिपातील वाइनची बाटली दुप्पट-तिप्पट किमतीची असल्यास नवल नाही.

चाखण्याची रीत

आस्वादकक्षात प्रत्येक प्याल्यात साधारणपणे ३० मिलिलिटर वाइन ओततात. प्याला देठाला धरावा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. प्रथम तो पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहतात. कोवळ्या वाइनच्या कडेस जांभळी झाक असते. जुनी होईल तसतशी ती विटेच्या रंगाकडे झुकते. नंतर प्याला हलकेच फिरवून वास घेतात. फिरविल्याने वाइनचा हवेशी संबंध येतो आणि तिचा गंध मोकळा होतो. चवीचा बराचसा भाग खरे म्हणजे वासाचाच असतो. सर्दी झालेल्या माणसास आमटी बेचव लागते त्याचे कारण हेच. मग लहानसा घोट तोंडात सगळीकडे फिरवून गिळतात अथवा ठेवलेल्या भांड्यात थुंकतात. थुंकणे आपल्याकडे असभ्य वाटते, परंतु या व्यवसायातील जाणकार दिवसभरात अनेक वाइन तपासतात आणि शुद्धीवर राहतात ते त्याच एका सवयीमुळे. क्रम हलक्या वाइनकडून भारीकडे असतो. भारी वाइन आधी घेतल्यास हलकी पाण्यासारखी लागते.

तोंडात काय शोधावयाचे? मुख्य गोष्टी चार : आंबटपणा, गोडवा, मद्यार्काची ऊब आणि तुरटपणा. तुरटपणा ही लाल वाइनची खास खूण. जांभळे खाल्ल्यावर किंवा फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसेच काहीसे येथे होते. नवखे याला वाईट चव समजतात. वास्तविक सालीतील व बियांतील टॅनिन या द्रव्याचा तो परिणाम असून वाइन टिकण्यास त्याची मदत होते.

नाशिककडे लाल वाइनसाठी शिराझ, काबर्ने सोव्हिन्याँ, झिनफँडेल, मर्लो, टेम्प्रानियो या जाती लावल्या जातात. शिराझच्या वासात मिऱ्याची तिखट झाक येते आणि करवंद-जांभळासारख्या काळ्या फळांची आठवण होते. काबर्ने अधिक तुरट व कणखर. तिला पिपात आणि बाटलीत वेळ द्यावा लागतो. मर्लो मऊ. झिनफँडेल फळांच्या गोड वासाची असून मसालेदार जेवणासोबत बरी जुळते. माहितीपत्रकात चेरी, ब्लॅकबेरी अशी नावे छापलेली असतात. ज्याने ती फळे कधी खाल्लीच नाहीत त्याने त्या वर्णनाने दबून जाण्याचे कारण नाही. करवंद ओळखणाऱ्या नाकाला शिराझ कळते.

आणखी एक हिशेब प्रत्येक पाहुण्याने करावा. लाल वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे १२ ते १४ टक्के असते. सहा प्याले, प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १८० मिलिलिटर वाइन. त्यात सुमारे २३ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. ३० मिलिलिटर व्हिस्कीत तो १३ मिलिलिटरच्या आसपास असतो. म्हणजे ‘नुसती चव’ घेऊन निघालेला माणूस दोन पेगांच्या जवळपास पोहोचलेला असतो. मोटार वाहन कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे गुन्हा ठरविला आहे. गाडी चालविणाऱ्याने त्या दिवशी द्राक्षरसावर समाधान मानणेच इष्ट.

बाग कोणाची, जोखीम कोणाची

आस्वादकक्षाचे महत्त्व मौजेपुरते नाही. एक टन द्राक्षांपासून साधारणपणे ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते. यातील बरीच द्राक्षे करारावर लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांची असतात. टेबलावर खाण्याच्या द्राक्षाला एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा व्यापारी आहे, तोही नसेल तर बेदाणा आहे. वाइनच्या द्राक्षाला कारखान्याशिवाय दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८-०९ मध्ये जागतिक मंदी आली, मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला आणि वाइनचा खप घटला. घाईने उभे राहिलेले अनेक छोटे कारखाने बंद पडले, शेतकऱ्यांची द्राक्षे वेलीवर राहिली, आणि बऱ्याच बागा मुळासकट उपटण्यात आल्या. वेल लावल्यापासून पहिले पीक हाती येईपर्यंत लागणारा काळ आणि मंडपाचा खर्च ध्यानात घेता हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. करार किती वर्षांचा, साखरेचे प्रमाण कोण मोजणार, कारखान्याने माल न उचलल्यास काय, हे प्रश्न तेव्हापासून बागायतदार आधी विचारू लागले. कारखानदारांनाही मध्यस्थाविना बाटली विकण्याची जागा हवी होती. आस्वादकक्ष वाढले त्यामागे हेही कारण आहे.

दुसऱ्या बाजूस या उद्योगासंबंधी गावागावांत वेगळा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यास तीव्र विरोध झाला, लोकांच्या हरकती मागविण्यात आल्या आणि निर्णय अमलात आला नाही. समर्थकांचे म्हणणे शेतकऱ्याच्या मालाला बाजार मिळेल असे होते. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा त्यांच्यापैकी काहींचा दावा मात्र टिकणारा नाही. वाइनमधील मद्यार्क आणि देशी दारूतील मद्यार्क रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे; फरक प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि महिला मतदारांच्या कौलाने गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. बाग वाढावी असे म्हणणाऱ्या ग्रामपंचायतीस बाटली कोठे विकली जावी याविषयी निराळे मत असू शकते, आणि त्यात विसंगती नाही.

प्रत्यक्ष भेट द्यावयाची असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. त्या वेळी पहाटे काढलेली द्राक्षे क्रेटमधून येताना, टाकीतील साली वर येताना आणि दाबणीनंतरचा चोथा खतासाठी बाजूला पडताना पाहावयास मिळतो. पावसाळ्यात बंद टाक्या आणि पिपांच्या रांगाच तेवढ्या दिसतात. विकत घेतलेली लाल वाइन घरी उन्हापासून दूर ठेवावी. आपल्याकडील उन्हाळ्यात ती देण्यापूर्वी थोडा वेळ शीतकपाटात ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी. बूच काढलेली बाटली दोन-तीन दिवसांत संपविलेली बरी, त्यानंतर ती शिरक्याच्या वाटेला लागते.