'यष्टी'च्या आधी 'अ' की 'ॲन'?



बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरचं गाव. एसटी आमच्या पोरांच्या रोजच्या ओळखीची. म्हणून चौथीच्या वर्गात मी 'एक एसटी बस' याचं इंग्रजी लिहायला दिलं. एका मुलीने 'अ एसटी बस' लिहिलं. मी लाल पेनने फुली मारली. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं ना, ए, ई, आय, ओ, यू असलं तरच ॲन लावायचं. ह्याच्यात तर पहिलं अक्षर एस आहे."

मी म्हटलं, "अगं, अक्षर नाही बघायचं, आवाज ऐकायचा. 'एस' म्हणताना आधी 'ए' ऐकू येतो की नाही?"

ती क्षणभर थांबली. "पण सर, आम्ही तर यष्टी म्हणतो. 'य' तर व्यंजन आहे ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगी दोन्ही वेळा बरोबर होती. मी दिलेला नियम तिने पाळला होता, आणि तिच्या कानाला जे ऐकू येत होतं तेही तिने खरंच सांगितलं होतं. चूक तिच्या वहीत कमी आणि माझ्या शिकवण्यात जास्त होती. तेव्हापासून हा धडा मी वेगळ्या पद्धतीने घेतो. तोच आज तुमच्यासमोर मांडतोय.

पाच अक्षरांचा नियम कुठे फसतो?

'ए, ई, आय, ओ, यू यांच्या आधी ॲन' हा नियम आपण सगळेच पाठ करून घेतो. ॲपल, एग, इंकपॉट, ऑरेंज, अंब्रेला इथपर्यंत तो छान चालतो. पुढे मात्र गाडी अडते. युनिफॉर्मचं स्पेलिंग 'यू'ने सुरू होतं, तरी 'अ युनिफॉर्म' म्हणतात. 'अवर' म्हणजे तास. त्याचं स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं, तरी 'ॲन अवर' होतं. 'वन-रुपी कॉइन'चं पहिलं अक्षर 'ओ', पण म्हणायचं 'अ वन-रुपी कॉइन'. मुलांना मग वाटतं की इंग्रजीत नियमापेक्षा अपवादच जास्त.

खरं तर इथे एकही अपवाद नाही. नियम एकच आहे: पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार स्वराचा असेल तर 'ॲन', व्यंजनाचा असेल तर 'अ'. स्पेलिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

आपली वर्णमाला मदतीला घ्या

इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार कळेलच असं नाही, पण देवनागरीत आपण उच्चारच लिहितो. शिवाय आपल्या मुलांना स्वर आणि व्यंजनं पहिलीपासून वेगवेगळी माहीत असतात. मग हेच हत्यार वापरू या. शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं.

अवर, ऑनेस्ट मॅन, एमएलए, एक्स-रे: सुरुवातीला स्वर, म्हणून 'ॲन'.
युनिफॉर्म, यूजफुल बुक, वन-वे रोड, हॉस्पिटल: सुरुवातीला व्यंजन, म्हणून 'अ'.

नामाच्या आधी विशेषण आलं तर विशेषणाचा पहिला आवाज बघायचा. 'अ वेल', पण 'ॲन ओल्ड वेल'. 'ॲन ॲपल', पण 'अ रेड ॲपल'. लगेच पुढे उभा असलेला शब्द कोणता, एवढंच मुलांना विचारा.

आपल्या बोलीतला 'य' आणि 'व'

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. आपल्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' पुष्कळदा 'ये' होतो आणि 'ओ'च्या जागी 'व' येतो. एकचं येक, एवढाचं येवढा, ओढ्याचा वढा, ओळखीची वळख. तीच सवय इंग्रजी शब्दांना लागते. एसटीची यष्टी होते, एलआयसीची यलआयसी, आणि ऑफिसचं तर हापिसच होतं! असं ऐकणाऱ्या मुलाने 'ॲन' लावला नाही, तर त्याचा कान चुकलेला नसतो. त्याने ऐकलेला शब्दच वेगळा असतो.

म्हणून मुलाला हसू नका, आणि घरची भाषा अशुद्ध आहे असं तर मुळीच म्हणू नका. एवढंच सांगा: "घरी यष्टी म्हण, काही बिघडत नाही. इंग्रजी वाक्य बोलताना 'ए' मोकळा म्हणायचा: ए-स-टी." असे शब्द दोनतीन दिवस मोठ्याने म्हणून घेतले की 'ॲन' आपोआप बसतो. एक जागा मात्र सांभाळा. कान आणि वर्ष या दोन्हींचे इंग्रजी शब्द आपण मराठीत 'इयर' असेच लिहितो. कानाला 'ॲन इयर', पण वर्षाच्या शब्दात आधी 'य' येतो, म्हणून 'अ यिअर'.

हा 'न' येतो कुठून?

चौकस मुलं हे विचारतातच. उत्तर आपल्या मराठीतच आहे. 'नाही' या अर्थाने आपण शब्दाआधी 'अ' लावतो: अशक्य, असत्य, अज्ञान. पण पुढे स्वर आला की तिथे 'अन्' येतो: अन् + आदर = अनादर, अन् + इच्छा = अनिच्छा, अन् + ओळखी = अनोळखी. 'अआदर' म्हणून बघा, जीभ अडखळते. अर्थ वेगळा आहे, पण सोय तीच. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये 'न' उभा असतो.

इंग्रजीतही मूळ रूप 'न'वालंच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'एक' होता. पुढे व्यंजनाआधीचा 'न' गळून गेला आणि 'अ' उरला. याची एक गंमत मुलांना जरूर सांगा. क्रिकेटमधला 'अंपायर' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा 'न'ने सुरू होत होता. 'अ'च्या मागोमाग तो 'न' ऐकून लोकांना वाटलं की तो 'ॲन'मधला आहे. शब्दाचा 'न' गेला आणि 'ॲन अंपायर' झाला. 'ॲप्रन'चंही असंच झालं.

आधी हा प्रश्न: लावायचा की नाही?

आपण म्हणतो, 'माझे वडील शेतकरी आहेत.' इथे 'एक' म्हणत नाही. म्हणून मुलं 'माय फादर इज फार्मर' लिहितात आणि 'अ' विसरतात. मग आपण रागावलो की पुढच्या वेळी सगळीकडेच लावतात: 'अ वॉटर', 'अ बुक्स', 'अ माय बॅग'. त्यासाठी तीन प्रश्न फळ्यावर कायम ठेवा:

१. ही वस्तू एक, दोन अशी मोजता येते का?
२. ती एकच आहे का?
३. तिच्याआधी 'माय', 'दिस' असा शब्द नाही ना?

तिन्हींचं उत्तर 'हो' आलं आणि ते नाव 'कोणतंतरी एक' या अर्थाने आलं असेल, तरच 'अ' की 'ॲन' हे ठरवायचं.

वर्गात आणि घरी करून बघा

- इंग्रजीची २६ अक्षरं एकेक म्हणा. ज्यांच्या नावाआधी 'ॲन' लागेल त्यांच्यासाठी मुलांनी उभं राहायचं. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स अशी १२ अक्षरं निघतील. 'यू'ला बसायचं. पाच अक्षरांचा नियम इथेच सुटतो.
- पालकांनी स्वयंपाकघरातल्या वस्तू विचाराव्यात: ॲन अनियन, अ टोमॅटो, ॲन एग, अ स्पून. पाच मिनिटं पुरतात.
- रस्त्यावरून जाताना दिसेल ते बोला: ॲन ऑटो, अ ट्रक, ॲन एसटी बस.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. बिडकीनजवळ औद्योगिक वसाहत उभी राहतेय, तशी पालकांची इंग्रजीची ओढही वाढतेय. पण घाईघाईत मारलेली एक फुली मुलाला गप्प करू शकते, आणि गप्प बसलेलं मूल भाषा शिकत नाही. फुली मारण्याआधी एकदा विचारा, "बाळा, तुला हा शब्द कसा ऐकू येतो?"

त्या मुलीच्या वहीतली फुली मी खोडली आणि शेजारी लिहिलं, 'प्रश्न छान विचारलास.' दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फळ्यावर 'ॲन एसटी बस' लिहिलं. घरी जाताना मात्र मैत्रिणीला म्हणाली, "चल गं, यष्टी आली!"