खडकाळ माळ आणि लहान ट्रॅक्टर

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे शहराच्या पश्चिमेस लष्कराची जी छावणी वसली, तीच आपला कॅम्प होय. येथून हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने उचगावकडे निघाले, की पावसाळ्यात सखल भागातील भाताची खाचरे डोळ्यांना सुख देतात. परंतु नजर जरा वर उचलली, की माळ लागतो. तांबूस माती, तीही वीतभर, आणि तिच्यातून जागोजाग डोकी वर काढून बसलेले दगड. अशा जमिनीत रताळी, नाचणी किंवा काजूची झाडे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी संसार केले. असा एक तीन एकरांचा माळ हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम आणि वडिलार्जित तीन एकर माळ एवढे त्यांचे भांडवल. मुलगी बारावीत, वृद्ध आई घरात. माळावरील दगड काढून तेथे आंब्याची बाग करावी, ही त्यांची जुनी इच्छा. एका प्रदर्शनात त्यांनी एक यंत्र पाहिले. लहानसा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे कोपरासारखा वाकणारा लोखंडी हात व त्याच्या टोकाला दातेरी बकेट. या हाताला बॅकहो असे म्हणतात. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या अशा प्रत्येक मोठ्या यंत्राला लोक सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात. हे नाव मात्र ते बनविणाऱ्या एका कंपनीचे, म्हणजे तिचे संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या आद्याक्षरांचे आहे. सुभेदारसाहेब आमच्याकडे आले व म्हणाले, “गुरुजी, पैसे आहेत, हौसही आहे. घेऊ की नको, एवढे हिशेब करून सांगा.” मुलीच्या पुढील शिक्षणाची रक्कमही त्याच पैशांतून निघायची होती, हे त्यांनी उठता उठता सांगितले. तेव्हा हिशेब जपून करणे आम्हांस प्राप्त झाले.

प्रथम यंत्राची शक्ती कोठून येते ते पाहू. शास्त्राच्या पुस्तकात पास्कलचा नियम आपण शिकतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. बॅकहोच्या नळ्यांतून तेल खेळते. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे आणि दट्ट्याचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरेल आणि दट्ट्यावर ७,५०० किलोंचा रेटा पडेल. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल, की आता डोंगरही हलेल! पण येथे तरफेचा नियम आड येतो. दट्ट्या सांध्याजवळ असतो आणि बकेट लांब टोकाला. म्हणून टोकापर्यंत पोहोचेतो त्या रेट्याचा लहानसा अंशच शिल्लक राहतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जड धोंडा उचलताना ट्रॅक्टरने स्वतः जमिनीवर बसून राहिले पाहिजे. अगदी लहान ट्रॅक्टरचे वजन पाऊण ते एक टन असते. धोंडा उठला नाही, तर ट्रॅक्टरच उठू लागतो. रस्त्यावरच्या मोठ्या जेसीबीचे वजन सुमारे साडेसात टन असते, ते काही उगीच नव्हे.

आता दगडाकडे वळू. एक घनमीटर काळ्या दगडाचे वजन सुमारे २,९०० किलो भरते. चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर असलेला चौकोनी धोंडा साधारण ७८ किलोंचा होतो. दोन गडी पहारेने तो सहज कलंडवतात. बाजू दुप्पट, म्हणजे ६० सेंटिमीटर केली, तर वजन दुप्पट न होता आठपट होते व ते ६२५ किलोंच्या पुढे जाते. लहान बॅकहो पूर्ण लांबवला असता काही शे किलोच पेलतो. म्हणजे हाताने न हलणारा आणि लहान यंत्राने हलणारा, असा धोंड्यांचा मधला वर्ग फार मोठा नाही. घनमूळ आणि घन यांचा अभ्यास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शेतकऱ्याचे पैसे येथे अडकलेले असतात.

पण दगड म्हणजे सर्व एकच नव्हे. आपल्या भागात मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिला मुरूम. तो काळ्या खडकाच्या झिजेतून झालेला, ठिसूळ. यंत्राचे दाते त्यात सुखाने शिरतात. त्यातच गोल गोटे असतात. खडक भेगांच्या बाजूने कुजत जातो आणि मधला कठीण गाभा कांद्यासारखे पापुद्रे सोडून गोट्याच्या रूपाने मागे उरतो. दुसरा जांभा. याच्या चिऱ्यांची घरे कोकणापासून बेळगावपर्यंत दिसतात. खाणीतून काढताना तो तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला, की कठीण होतो. त्याला इंग्रजीत जे नाव आहे, ते फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून दिले. तिसरा अखंड कातळ. त्यावर लहान-मोठे कोणतेही बकेट नुसते ओरखडे काढते; तेथे फोडणी यंत्र किंवा परवान्याने सुरुंग लागतो आणि खर्च मातीच्या मोलाबाहेर जातो. म्हणून यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी कुदळ-पहार घेऊन शेतात जावे, असे आमचे मत पडले.

सुभेदारसाहेबांनी ते मानले. माळावर सहा ठिकाणी एक-एक मीटर खोल खड्डे घ्यायचे ठरले. दोन खड्ड्यांत तळापर्यंत मुरूम निघाला. तीन खड्ड्यांत मुरमात बसलेले गोटे मिळाले. त्यांतील काही मांजराएवढे, काही म्हशीच्या डोक्याएवढे, तर दोन असे, की त्यांची दुसरी बाजूच सापडेना. वरच्या कोपऱ्यातील सहाव्या खड्ड्यात वीतभर मातीखाली कातळ लागला व पहार खणकन्‌ उसळली. त्या एका आवाजाने अर्ध्या एकराचा प्रश्न सुटला. तेथे बाग होणार नाही, हे पैसा न खर्चता कळले.

मग आम्ही कागद घेतला. दर गावोगावी आणि वर्षागणिक बदलतात. म्हणून पुढील आकडे उदाहरणादाखल समजावेत व वाचकाने त्या जागी आपल्याकडील आकडे घालावेत. समजा, ट्रॅक्टर व बॅकहो मिळून ९ लाख रुपयांस पडले आणि दहा वर्षांनी त्यांचे ३ लाख आले. म्हणजे ६ लाख झिजले. वर्षाला ६०,००० रुपये. गुंतलेली रक्कम सरासरी ६ लाख. तिच्यावर शेकडा १० दराने व्याज आणखी ६०,०००. पैसा कर्जाचा नसून पदरचा असला, तरी हे व्याज धरावेच. कारण तोच पैसा अन्यत्र ठेवला असता त्याने काही मिळवलेच असते. विमा व निवारा यांचे १५,००० धरू. एकूण झाले १,३५,०००. यंत्र वर्षभर छपराखाली उभे राहिले, तरी हा खर्च चुकत नाही. याखेरीज डिझेल, तेल, दुरुस्ती व चालक मिळून दर तासाला ४०० रुपये.

दुसऱ्या बाजूला भाड्याचा मोठा जेसीबी. त्याचे तासाला १,२०० रुपये धरू. जाणत्या चालकाने माळ पाहून साठ तासांचे काम सांगितले. म्हणजे ७२,००० रुपयांत प्रश्न निकालात. लहान यंत्राला त्याच कामास दुप्पट वेळ लागतो असे मानले, तर १२० तासांचे ४८,००० आणि वर्षाचा ठरीव खर्च १,३५,००० मिळून १,८३,००० होतात. दुसऱ्या वर्षी माळावर दगड नाहीत, पण १,३५,००० मात्र आहेतच! बरोबरी केव्हा होईल, तेही काढले. मोठ्या यंत्राच्या एका तासाचे काम घरच्या यंत्राने ८०० रुपयांत होते, वाचतात ४००. १,३५,००० ला ४०० ने भागले, की सुमारे ३३८ येतात. म्हणजे घरचे यंत्र दर वर्षी सुमारे ६७५ तास, रोज आठ तास धरल्यास ८४ दिवस, राबले पाहिजे. आणि लहान यंत्राला दुप्पट नव्हे, तिप्पट वेळ लागत असेल, तर त्याचा नुसता चालू खर्चच भाड्याइतका होतो. मग बरोबरी कधीच नाही.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टर काय केवळ दगडच काढतो? नांगरट, कुळवणी, वाहतूक हीही होईलच. होईल, पण तीन एकरांत ती वर्षाला चाळीस तासांहून फारशी नाही. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला ८०० ने मिळत असेल, तर बचत होते ती १६,००० रुपयांची. कर्नाटकात २०१४-१५ पासून ‘कृषी यंत्रधारे’ या योजनेखाली अवजारे भाड्याने देणारी केंद्रे निघाली आहेत. लहान शेतकऱ्याने अवजाराचे मालक न होता त्याचा उपयोग घ्यावा, हाच त्यांचा हेतू आहे.

ही दृष्टी नवी नाही. स्वातंत्र्यानंतर मध्य हिंदुस्थानातील लाखो एकर जमीन कांस नावाच्या चिवट गवताने गिळली होती. तिच्या मुळ्या इतक्या खोल, की बैलांचा नांगर चालेना. तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याने मोठा ट्रॅक्टर घ्यावा असे कोणी म्हटले नाही. सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, १९४९ साली जागतिक बँकेकडून यंत्रांसाठी एक कोटी डॉलर कर्ज घेतले आणि तीच यंत्रे या शिवारातून त्या शिवारात फिरवली. जे काम जमिनीच्या आयुष्यात एकदाच करायचे, त्यासाठी फिरते यंत्र. जे दर वर्षी करायचे, त्यासाठी घरचे. आमच्या सर्व हिशेबाचे सार एवढेच आहे.

तथापि यंत्राला नावे ठेवणारा हा लेख आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग याच बेळगावात सुरू केला. त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. शेवटी बेळगाव सोडून त्यांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकरांच्या ओसाड रानात किर्लोस्करवाडी वसवली. निवडुंगाच्या त्या रानातून कारखाना उभा राहिला आणि त्याचा नांगर पुढे गावोगाव गेला. तो नांगर दर हंगामात, दर शेतात उपयोगी पडणारा होता, हे मात्र विसरू नये. नव्या वस्तूला भिऊन नाकारणे जितके चूक, तितकेच तिला भुलून घरी आणणेही चूक.

यंत्र विकत घेण्याच्या बाजूनेही खरे मुद्दे आहेत आणि ते आम्ही सुभेदारसाहेबांपुढे ठेवले. मृगापूर्वीच्या दोन महिन्यांत सर्वांनाच जेसीबी हवा असतो. ऐन वेळी तो मिळत नाही. अरुंद पाणंदीतून मोठे यंत्र जात नाही, लहान जाते. जड चाकांखाली माती दबते. घरात यंत्र चालविणारा तरुण असेल, शेजारपाजारची चर खोदण्याची, पाइप गाडण्याची, खड्डे घेण्याची कामे तो धरणार असेल, तर ६७५ तास भरणे अशक्य नाही. मग ते यंत्र म्हणजे शेतीचे अवजार न राहता एक धंदा होतो, आणि धंदा म्हणूनच त्याचा विचार करावा. उतारावर ट्रॅक्टर कलंडतो व मागे उभ्या राहिलेल्या मुलांना फिरत्या हाताचा तडाखा बसतो, ही जोखीमही मालकाचीच असते.

सुभेदारसाहेबांनी कागद दोन दिवस घरी ठेवला. नंतर कळले, की निर्णय आजींनी केला. त्या म्हणाल्या, “धोंडे एकदा निघाले की निघाले. ते यंत्र मग माझ्यासारखे ओट्यावर बसून राहील. पण मला हप्ता तरी लागत नाही.” सुगी आटोपताच, उन्हाळ्याची गर्दी होण्यापूर्वी, जेसीबी भाड्याने आणला. अंदाज साठ तासांचा होता. काम अडुसष्ट तासांत उरकले. निघालेले गोटे बाहेर न टाकता उताराला आडवे ताल घातले, त्यामुळे पावसाबरोबर वाहून जाणारी माती अडली. दहा-दहा मीटरांवर, एकरी चाळीस या मानाने अडीच एकरांत शंभर कलमांचे खड्डे त्याच वेळी घेतले. कातळाचा अर्धा एकर तसाच राहिला. तेथे आता गवत वाळत घालतात. मुलीच्या शिक्षणाची रक्कम बँकेत शाबूत आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरीही आज ना उद्या असा प्रश्न येईल. ट्रॅक्टरचा नसला, तर गिरणीचा, पंपाचा किंवा मोटारीचा येईल. त्या वेळी वडीलमंडळींपुढे कागद ठेवून तीन गोष्टी विचारा. काम नेमके कोणते आहे? ते वर्षातून किती तास आहे? आणि वस्तू नुसती उभी राहिली, तर तिचा दिवसाचा खर्च किती? गणिताच्या तासाला शिकलेला भागाकार त्या दिवशी घराच्या उपयोगी पडेल.