चार्जरवरचे पंचेचाळीस दिवस

पेट्रोलपंपावरच्या नळीतून मिनिटाला ३५ लिटर पेट्रोल टाकीत जातं असं धरलं, तर त्या एका नळीतून वाहणारी ऊर्जा १९ मेगावॉटच्या घरात जाते. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र ७२ मेगावॉटचं आहे. म्हणजे पंपावर एकाच वेळी चार गाड्या पेट्रोल भरत असतील, तर तेवढा वेळ तिथून घाटाखालच्या अख्ख्या वीजकेंद्राएवढी ऊर्जा वाहत असते. आणि पंपावरचा पोरगा एका हातात नळी धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे देत असतो.

आता त्याच्या शेजारी ६० किलोवॉटचा चार्जर ठेवून पाहा. आपण त्याला ‘फास्ट’ म्हणतो. त्या पेट्रोलच्या नळीपेक्षा तो तीनशे पटींनी लहान आहे. पेट्रोलची गाडी भरलेल्यातली तीनचतुर्थांश ऊर्जा उष्णता म्हणून उडवून टाकते, हे खरं. तेव्हा किलोमीटरमध्ये बोलू. नळीतून मिनिटाला पाचशे किलोमीटर भरले जातात, चार्जरमधून सहा. कोणाची बाजू न घेता एवढंच म्हणता येईल, की ही शर्यत नाही.

तरीही माणसं रोज अशा चार्जरच्या भरवशावर राहतात. घर पुण्यात, कचेरी मुंबईत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लगला मनाई, आणि हाताशी विजेची गाडी. अशा माणसाचं गणित मांडू. जायचे दीडशे, यायचे दीडशे, वर्षाला २५० दिवस: ७५,००० किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक फेरी ४०,०७५ किलोमीटरची पडते, म्हणजे वर्षाला जवळपास दोन फेऱ्या. पाच-सव्वापाच वर्षांत गडी चंद्राचं अंतर कापतो, तेही कामशेत-खालापूर करत.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर एसी लावून, जरा पाय जड ठेवून गाडी चालवली तर एका युनिटला सहा किलोमीटर मिळतात असं धरू. रोजचे ५० युनिट, वर्षाचे १२,५००. देशात दरडोई वर्षाचा वीजवापर, कारखाने-शेतीपंप सगळं धरून, १,४०० युनिटच्या आसपास आहे. एकट्याच्या ये-जा करण्यात नऊ माणसांची वीज.

पण वीज पुरणार कुठून, ही काळजी मला फारशी पटत नाही, आणि त्याचं उत्तर याच वाटेवरच्या बोरघाटात आहे. १९१५ पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाईपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडलं जातं. सुरुवातीला त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. एक हजार लिटर पाणी एवढं खाली आलं की साधारण सव्वा युनिट वीज होते. म्हणजे आपल्या प्रवाशाचे रोजचे ५० युनिट म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, घाटमाथ्यावरून खोपोलीत ओतलेले. उलट बाजूने पाहिलं तर माणसांसकट सोळाशे किलोची गाडी खोपोलीहून खंडाळ्याला चढवायला, निव्वळ उंचीपुरते, अडीच युनिटसुद्धा लागत नाहीत. पेट्रोलच्या गाडीचा घसा कोरडा करणारा बोरघाट वीजगाडीला पन्नासेक रुपयांना पडतो, आणि उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त युनिट बॅटरीत परत येतात.

समजा, दिवसाला अशा चार हजार गाड्यांनी वाटेत पंचवीस-पंचवीस युनिट घेतले. एक लाख युनिट झाले. खोपोलीचं केंद्र पूर्ण ताकदीने चाललं तर हे दीड तासाच्या आत तयार होतात. पण त्यातल्या बाराशे गाड्या रविवारी संध्याकाळी एकदमच चार्जरच्या ६०-६० किलोवॉटच्या गनला लागल्या, तर तेवढा वेळ अख्खं केंद्र त्यांनाच द्यावं लागेल. वीज भरपूर आहे. अडतं ते एकाच वेळी मागितल्यावर. मोठा चार्जर बसवला तर काम पटकन होतं. पण १८० किलोवॉटची एक गन म्हणजे पाच-पाच किलोवॉटचे छत्तीस फ्लॅट. अशा चार गन लावल्या की फूड मॉलच्या मागे दीडशे घरांची सोसायटी उभी राहिली असं महावितरणच्या दृष्टीने समजायचं.

बॅटरीच्या आत तर आकडे हाताबाहेर जातात. ५० युनिट भरायचे म्हणजे लिथियमचे तीनशे ते साडेतीनशे कोटी परार्ध आयन एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचे. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं; भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यांची यादी तिथेच संपते. आणि या सगळ्या गर्दीचं वजन? साडेतीन ते चार किलो. एवढं लिथियम इकडून तिकडे सरकतं आणि चार माणसं मुंबईला जाऊन परत येतात.

हे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. सुरुवातीला जागा मोकळ्या असतात. पुढे कर्जत लोकलच्या डब्यासारखं होतं, एक-एक जागा शोधत आत घुसावं लागतं. तिथे घाई केली तर आयन आत न जाता बाहेरच धातू होऊन चिकटतात आणि बॅटरी कायमची थोडी मरते. म्हणून गाडीच करंट कमी करत नेते. चार्जरच्या पडद्यावर हे दिसतं: सुरुवातीला ५५ किलोवॉट, साठ टक्क्यांपुढे ४०, ऐंशी ओलांडले की पंधरा-वीस. मागे उभा असलेला माणूस काचेवर वाकून विचारतो, “किती टक्के झालं?” तो वेळ विचारत नाही, कारण ब्याऐंशीवर बसून राहणाऱ्याचा त्याला अनुभव असतो.

म्हणून ४५ युनिटची बॅटरी प्रत्यक्षात दहा ते ऐंशी टक्के वापरायची, म्हणजे एका खेपेला साडेएकतीस युनिट. वर्षाच्या १२,५०० युनिटना चारशे खेपा. चार्जिंगला पाऊण तास. ॲप उघडणं, गन नीट बसणं, आधीची गाडी हलणं याला दहा मिनिटं. बेरीज ३६० तासांच्या वर. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर पंचेचाळीस दिवस, आणि तेही स्टिअरिंगवर दिवसाला पाच-सहा तास काढून वर. महिंद्राच्या ७९ युनिटच्या नव्या गाड्या १८० किलोवॉटच्या चार्जरवर वीस मिनिटांत वीसवरून ऐंशी टक्के होतात. रोजची जवळपास पूर्ण गरज. मात्र त्या ताकदीचा चार्जर वाटेवर हवा, आणि मोकळा.

पैशाचं तसं ठीक आहे. बाहेरचा युनिट वीस रुपयांना आणि घरचा दहाला धरला तर वर्षाला सव्वा लाख जास्त जातात. २०२५ च्या राज्य धोरणात वीजगाड्यांना द्रुतगती मार्गावर टोलमाफी जाहीर झाली. २०२३ पासूनच्या ३२० रुपयांच्या दराने जाऊन-येऊन ते वर्षाचे १ लाख ६० हजार. पेट्रोलचे पाच लाख तर वाचतातच.

तासांवर मात्र उतारा स्वस्त आहे, आणि तो मेगावॉटमध्ये नाही. घरातल्या गिझरचा १५ अँपिअरचा प्लग तासाला जेमतेम तीन युनिट देतो. त्या ‘फास्ट’ चार्जरच्या विसावा हिस्सा. पण गाडी रात्री साडेआठ तास उभी असते, त्यात पंचवीस युनिट. कचेरीच्या तळघरात तेवढेच तास, आणखी पंचवीस. दोन टोकांना दोन साधे प्लग मिळाले तर चारशे खेपांपैकी एकही उरत नाही. एकच मिळाला तरी निम्म्या जातात. त्यासाठी नवं केंद्र लागत नाही, नवी गन लागत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक वेगळा मीटर मंजूर व्हावा लागतो.