डोक्यावर जप्ती येत नाही

शैक्षणिक कर्जाचा अर्ज समोर आला की माझी नजर आधी ‘तारण’ या रकान्याकडे जाते. ट्रॅक्टरचं कर्ज थकलं तर बँक ट्रॅक्टर ओढून नेते. घराचं थकलं तर घराला सील लागतं. पण चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दिलेले पैसे ज्या वस्तूत जातात, ती वस्तू मुलीच्या डोक्यात असते. ती तिथून काढता येत नाही, लिलावात मांडता येत नाही. आणि कर्ज मंजूर होतं त्या दिवशी तर ती तयारसुद्धा झालेली नसते! तरीही असं कर्ज मिळतं, याचं मला फार नवल वाटतं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 साली हाच पेच मांडला होता. गुलामगिरी नसलेल्या समाजात माणूस विकून वसुली करता येत नाही. मग शिक्षणाला भांडवल देणार कोण? त्यांनी सुचवलं की, पैसे देणाऱ्यानं ठरावीक हप्ता न मागता विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईत वाटा घ्यावा.

आपल्याकडे त्याआधीच एका राजानं वेगळा करार करून पाहिला होता. 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात निघाले, ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. म्हणजे पैशांची फेड पैशांत नव्हे, आयुष्याच्या वर्षांत. करार दोन्ही बाजूंनी प्रामाणिक होता आणि 1917 साली बाबासाहेब तो पाळायला बडोद्याला गेलेही. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा! त्यांना बडोदा सोडावं लागलं. संस्थानानं घडवलेली विद्वत्ता संस्थानाच्या कामी आली नाही, आणि त्यात ना राजाचा दोष होता ना विद्यार्थ्याचा. डोक्यातल्या ज्ञानाचं मोल मिळायला भोवतालच्या माणसांनी त्याला जागा द्यावी लागते. ही अट कुठल्याच करारात लिहिलेली नसते. पुढे 1920 साली लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला ते निघाले, तेव्हा स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये होते.

आजची बँक वर्षं मागत नाही, ती वाट पाहते. अभ्यासक्रमाचा काळ आणि साधारणपणे त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही. मात्र व्याज सुरूच असतं. समजा दहा टक्के दरानं दहा लाख घेतले, दरवर्षी अडीच लाख असे. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष सवलत. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं सरळव्याज, दुसऱ्यावर चार वर्षांचं, असं करत पहिल्या हप्त्याआधीच साडेतीन लाख व्याज साचतं आणि मुद्दलात मिळतं. आता कर्ज साडेतेरा लाखांचं. दहा वर्षांच्या फेडीत हप्ता येतो सुमारे 17,840 रुपये. पहिल्या हप्त्यातले 11,250 नुसत्या व्याजात जातात. पाच वर्षं नेमानं भरून, म्हणजे जवळपास पावणेअकरा लाख दिल्यावरही, सुमारे आठ लाख चाळीस हजार बाकी दिसतात. तेच साचणारं व्याज शिकता शिकता भरत गेलं, तर हप्ता 13,215 वर राहतो. ज्यांना थोडंही जमतं त्यांनी ते भरावंच, असं मी कळकळीनं सांगेन. सुरुवातीला ती रक्कम किरकोळ असते. पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारांच्या आसपास.

ऑस्ट्रेलियानं 1989 साली या गणिताची मांडणीच बदलली. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांच्या आखणीनुसार विद्यार्थ्याची फी सरकार भरतं आणि वसुली आयकर खात्यामार्फत होते, तीही उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तरच. 2025-26 साठी ती मर्यादा 67,000 डॉलर आहे. नोकरी गेली, बाळंतपणात घरी बसावं लागलं, तर त्या वर्षी सक्तीची फेड शून्य. व्याज नाही, बाकी वाढते ती महागाई किंवा वेतनवाढ, यांतला जो दर कमी असेल त्यानं. जामीनदार नाही, तारण नाही. फ्रीडमन यांच्या भागीदारीशी या आखणीचं नातं लगेच ओळखू येतं, फरक इतकाच की इथे फेडीला शेवट आहे.

ही सोय मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आहे. त्यामुळे मेलबर्नच्या एखाद्या वर्गात एकाच बाकावर दोघी बसलेल्या असू शकतात. एकीचं कर्ज तिच्या पुढच्या पगारपत्रकाची वाट पाहत थांबलेलं. दुसरी नाशिकहून आलेली. तिचं कर्ज नाशिकच्याच शाखेतलं, आणि तारणाच्या रकान्यात वडिलांच्या फ्लॅटचा नंबर.