नट किती आवळावा?

सायकलचे चाक बसवताना तुम्ही नट किती आवळता? ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ असेच तुमचे उत्तर असणार. विमानाच्या एंजिनाला मात्र एवढ्यावर भागत नाही.

सेस्ना १७२ जातीच्या अनेक जुन्या चार आसनी विमानांत लायकॉमिंग कंपनीचे ओ-३२० हे चार सिलिंडरांचे एंजिन आहे. सुमारे २,००० तास चालल्यावर ते पूर्ण उकलून तपासावे, असे कंपनी सांगते. मिनिटाला २,४०० फेरे धरले, तर तेवढ्या काळात प्रत्येक सिलिंडरात किती स्फोट होतील? चार धावांच्या एंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. गणित करून पाहा. उत्तर येते १४ कोटी ४० लाख!

झिजलेले भाग बदलले, की फेरजुळणी सुरू होते. एंजिनाच्या कवचाचे दोन अर्धे भाग असतात व त्यांच्यामध्ये भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो. या सांध्यात जाड गॅस्केट चालत नाही; तिच्यामुळे दोन्ही भाग दूर राहून भुजादंडाभोवतीची फट वाढेल. म्हणून तेथे पातळ लेप देऊन चक्क रेशमाचा बारीक धागा बसवतात!

मग सिलिंडर बसतात. त्यांचे अर्ध्या इंचाचे नट टॉर्क-पान्याने ५० फूट-पौंडांपर्यंत आवळतात. एक फूट लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकाला सुमारे २३ किलोग्रॅम वजन टांगले, तर एवढा पीळ पडेल. तोही एकदम देत नाहीत. आधी निम्मा, मग पूर्ण, आणि ठरलेल्या क्रमाने.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंगच असते. हा ताण पुरेसा असला, तर स्फोटाच्या धक्क्याने त्यात फारसा फरक पडत नाही. नट सैल असला, तर बोल्ट प्रत्येक स्फोटाला ताणला जातो व सुटतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच तोही अखेर थकून तुटतो. उलट, अति आवळला तर तो स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडून कायमचा लांबतो. नटाच्या बैठकीवर रंगाचा थर राहिला तरी धोका असतो. तो दबला की ताण उतरतो.

मोटार बंद पडली, तर रस्त्याकडेला उभी करता येते. आकाशात ती सोय नाही. म्हणून तेथे हाताच्या अंदाजावर नव्हे, पान्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवतात.