जुन्या लॅपटॉपचा नवा कारभारी

तुमच्या घरात किंवा नात्यात कोणाकडे तरी एक जुना लॅपटॉप असेल. भाईजानने कॉलेजसाठी घेतलेला, मग आपाने वापरलेला आणि आता कपाटावर धूळ खात पडलेला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळूनही होतो. सुरू झाला की पडद्यावर सूचना येते, की या संगणकाला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मग घरातले म्हणतात, "द्या आता भंगारात!"

भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी थोडे थांबा. पुष्कळदा लॅपटॉप बिघडलेला नसतो. म्हातारा झालेला असतो तो त्याचा कारभारी.

हा कारभारी कोण? तुम्ही लग्नघर पाहिले आहे ना? आचाऱ्याला तांदूळ हवे असतात, मांडववाल्याला वीज हवी असते, पाहुण्यांना खोली हवी असते. सगळे एकाच माणसाकडे धावतात, कारण कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. कोणाला काय, किती आणि केव्हा द्यायचे, हे तोच ठरवतो. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. तुम्ही चित्र उघडा, गाणे लावा किंवा पत्र लिहा. प्रत्येक कामासाठी लागणारी स्मृती, डिस्कवरची जागा, पडदा आणि कळफलक हे सारे तीच वाटून देते. विंडोज ही अशीच एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, लिनक्स ही दुसरी.

आता ती म्हातारी का होते? या प्रणालीत लाखो ओळींच्या आज्ञा असतात. इतक्या ओळी लिहिताना चुका राहतातच. काही चुका म्हणजे घराच्या भिंतीतले भगदाडच. चोराला ते सापडले, की तो आत शिरतो. म्हणून प्रणाली तयार करणारे लोक भगदाडे शोधून बुजवत राहतात आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून आपल्याकडे पाठवतात. पण हे काम कायम चालत नाही. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मुदत संपली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची जादा मुदत जाहीर झाली, एवढेच. मुदत संपली म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. तो चालतो, पण नवी भगदाडे उघडीच राहतात.

याने काय होते, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाची एक दुष्ट आज्ञावली विंडोजमधल्या एका भगदाडातून शिरली आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांत पसरली. ती संगणकातल्या फाइलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी पैसे मागे. ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, किंवा ज्यांच्या प्रणालीची मुदत संपल्यामुळे ती मिळालीच नव्हती, त्यांचे संगणक उघडे राहिले होते.

तर मग नवा कारभारी आणावा हे बरे. पण कोणता? आधी आपल्या लॅपटॉपची ताकद पाहा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' असे पान असते. तेथे प्रोसेसरचे नाव आणि रॅम किती, हे लिहिलेले असते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. शिवाय प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत असावा लागतो. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. ही पिढी ओळखणे सोपे आहे. नाव 'आय ५-८२५०' असे असेल, तर पहिला ८ हा आकडा पिढीचा. 'आय ५-५२००' असेल, तर ती पाचवी पिढी, म्हणजे विंडोज ११ चे दार बंद. आडवाटेने ती बसवून देणारे लोक भेटतात. मला तो मार्ग पटत नाही, कारण अशा संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही.

दार बंद असेल, तर लिनक्स आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. ती फुकट मिळते आणि तिचे अनेक प्रकार आहेत. 'लिनक्स मिंट' हा प्रकार नवशिक्यांना सोपा पडतो. त्याला २ जीबी रॅम पुरते, ४ असेल तर चांगले. सी-डॅक या आपल्या देशातील संस्थेनेही लिनक्सवर आधारलेली 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली आहे.

येथे एक खरी गोष्ट सांगून ठेवतो. नवा कारभारी आला, तरी कोठी तेवढीच राहते. २ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर इंटरनेटची दहा पाने एकदम उघडाल, तर तो दमणारच. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. रॅम वाढवायची असेल, तर दुरुस्तीवाल्याला आधी विचारा. काही लॅपटॉपांत ती पक्की जोडलेली असते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. नवी प्रणाली टाकताना 'डिस्क पुसून टाकावी का?' असा प्रश्न येतो. 'हो' म्हटले, की आतले सारे गेले. मी एकदा हे शिकलो, पण फार उशिरा. 'डॉक्युमेंट्स'चे फोल्डर मी दुसरीकडे उतरवून घेतले होते. सगळे जपले, असे मला वाटले. पण माझ्या वडिलांच्या आवाजातल्या तीन ध्वनिफिती मी समोरच, डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या. रोज दिसत होत्या, म्हणूनच त्या वेगळ्या जपाव्यात हे सुचले नाही. वडील तेव्हा हयात नव्हते. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली, पण त्या परत मिळाल्या नाहीत.

म्हणून डेस्कटॉप, डाउनलोड्स, चित्रे, गाणी असे एकेक फोल्डर उघडून पाहा. सारे बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फाइली उघडून बघा. उतरवले म्हणजे उतरले, असे समजू नका. आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा. अम्मीने पाठवलेले लग्नातले फोटो असतील, अब्बांच्या दुकानाचा हिशेब असेल.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा : घरात कोणी 'इनपेज' वापरते का? लग्नपत्रिका किंवा उर्दू छपाईची कामे करणाऱ्यांकडे हे सॉफ्टवेअर असते. मराठी छपाईवाल्यांकडे तशीच 'श्रीलिपी' असते. ही दोन्ही विंडोजसाठी बनवलेली आहेत. लिनक्स टाकलेत, तर इनपेजच्या जुन्या फाइली नुसत्या दोनदा दाबून उघडणार नाहीत. कोणाचे पोट त्या कामावर असेल, तर त्या लॅपटॉपला हात लावू नका.

लिनक्सची एक सोय मला फार आवडते. ती आधी वापरून पाहता येते. इंटरनेटवरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घ्यायची आणि 'रूफस'सारख्या आज्ञावलीने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवायची. पेन ड्राइव्हमधले जुने सारे यात पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. मग पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करायचा. सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबावी लागते; प्रत्येक कंपनीची वेगळी असते. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू लागते आणि हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, सगळ्या कळा उमटतात का, हे निवांत तपासा. पसंत पडले नाही, तर पेन ड्राइव्ह काढा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा. जुनी विंडोज जागच्या जागी असते.

पसंत पडले, तरच 'इन्स्टॉल' दाबा. त्याआधी चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दमलेली असते आणि काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. भारनियमनाची वेळ टाळलेली बरी. पहिल्या वेळी घरातले कोणी जाणते माणूस सोबत असू द्या.

प्रणाली बसली, की भाषांची व्यवस्था करा. कळफलकाच्या यादीत उर्दू आणि मराठी ही दोन्ही नावे सापडतात. दोन्ही जोडून घ्या. उर्दू मजकूर दिसेल, पण अक्षरे नस्ख वळणाची असू शकतील. तुमच्या पुस्तकातली नस्तालीक अक्षरे हवी असतील, तर 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट फुकट मिळतो, तो टाकून घ्या. मग एक नवे पान उघडा. एका ओळीत आपले नाव उर्दूत लिहा, ते उजवीकडून सुरू होईल. खालच्या ओळीत तेच नाव मराठीत लिहा, ते डावीकडून सुरू होईल. दोन्ही ओळी नीट उमटल्या, की ते पान 'पहिले पान' या नावाने जतन करा, आणि त्याची एक प्रत त्या बाहेरच्या डिस्कवरही ठेवा.